डाव्या आतल्या टायरची हवा

१

हवा ही कुणाच्याच मालकीची नसते, असं आपल्याकडचे ज्ञानी लोक फार पूर्वी सांगून गेले आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडेही सहा चाकांची गाडी नव्हती.

२००६ साली, पावसाळा सरल्यावर एका रविवारी पहाटे, बदलापूर पूर्वेला कात्रपमधल्या मायक्रॉन सोसायटीत हवेची चोरी उघडकीला आली. तेव्हा कात्रपला इमारतींच्या मधे अजून भातखाचरं होती आणि बिल्डरच्या जाहिरातीत त्यांना निसर्गाचं सान्निध्य म्हणत. वीज ठरल्या वेळी जायची. यायची मात्र तिच्या मर्जीने.

मायक्रॉन सोसायटी बांधली होती अंबरनाथच्या एका कारखान्यातल्या इन्स्पेक्शन खात्याच्या लोकांनी. हे सगळं खातं एकदमच निवृत्त झालं आणि एकदमच इथे राहायला आलं. त्यांच्या खात्याचा नियम असा, की एकाने मोजायचं, दुसऱ्याने पडताळायचं आणि तिसऱ्याने दोघांवरही भरवसा न ठेवता पुन्हा मोजायचं. चाव्या देताना आमचा बिल्डर रडला होता म्हणतात. प्रत्येक भिंत तिघांनी मोजली होती.

याच खात्यातले बाळ टिपणीस. लिलावात निघालेली एक मिनीबस त्यांनी विकत घेतली, आतल्या सीट उखडून टाकल्या, आणि त्या जागी चार बर्थ, गॅसची शेगडी, सिंक आणि भिंतीत दुमडणारं टेबल बसवलं. सोसायटीत त्या गाडीला 'बंगला' म्हणत. बंगल्यातून चौघं अजिंठ्याला जाणार होते : बाळ, त्यांच्या पत्नी माई, बाळचे नोकरीपासूनचे जुने मित्र किसन उबाळे आणि किसनच्या पत्नी शीलावहिनी. शीलावहिनींनी अजिंठा फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. लग्नात किसन म्हणाले होते, दाखवतो. ते कॅलेंडर कधीच जुनं झालं होतं. वहिनींनी त्यातलं चित्र कापून घरातल्या देव्हाऱ्यासारख्या कोपऱ्यात, बुद्धमूर्तीशेजारी, काचेत लावलं होतं.

त्या पहाटे बाळ बॅटरी घेऊन खाली उतरले, तर गाडीच्या मागच्या चाकाशी कुणीतरी उभं होतं आणि फस्स असा आवाज येत होता.

बाळनी बॅटरी मारली. किसन उबाळे होते.

२

"मोजत होता म्हणे!" बाळ आमच्या दारात उभे होते. "तिसरा रविवार आहे हा, वृंदा. तिन्ही रविवारी निघायच्या वेळी तोच, मागचा डावा आतला टायर. शुक्रवारी संध्याकाळी सत्तर पौंड भरून ठेवतो आणि रविवारी पहाटे कधी सहासष्ट, कधी चौसष्ट. आज बासष्ट! चोर हावरट होत चाललाय."

वृंदा म्हणजे माझी बायको. सोसायटीत आम्हीच काय ते भाडेकरू, त्यामुळे तटस्थ. शिवाय वृंदा कल्याणला विमा कचेरीत मोटारींच्या अपघाताचे दावे तपासायची. लोकांवर विश्वास न ठेवण्याचा तिला पगार मिळायचा आणि तो ती प्रामाणिकपणे कमवायची.

"बासष्टवर गाडी चालत नाही का, काका?" तिने विचारलं.

"चालते की. ट्रकवाले चाळीसवरसुद्धा चालवतात, आणि मग त्यांचे फोटो पेपरात येतात." बाळ आत येऊन बसले. "मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन टायर असतात. आतला बसला तर बाहेरून काही दिसत नाही. गाडी ताठ उभी असते, सगळं ओझं बाहेरच्यावर येतं आणि घाटात तो फुटतो. म्हणून तर मी उल्हासनगरच्या मुकेशकडून सगळे रबरी व्हॉल्व्ह काढून पितळी बसवून घेतले. आतल्या टायरची हवा बघायला आधी गाडीखाली आडवं व्हावं लागायचं. आता लांब नळी बाहेर काढली आहे, उभ्या उभ्या बघता येते. आणि एवढं करून हवा जाते! हवा भरून घेऊ हो, त्यात काय? पण का जाते ते कळल्याशिवाय त्या टायरवर मी दोन बायकांना बसवून माळशेज चढणार नाही."

"आणि किसनकाकांनी हवा का काढावी?"

"एक्याऐंशी साली त्याने पास केलेला अख्खा लॉट मी रिजेक्ट केला होता."

"पंचवीस वर्षांनी सूड?"

"किसन घाई करणारा माणूस नाही."

मला हसू आलं, पण बाळ हसत नव्हते. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. तेव्हा साठीतला माणूस मोबाईल दोन्ही हातांनी धरायचा. ते म्हणाले, "मुकेशला फोन केलाय. शनिवारी संध्याकाळी विसार घेऊन येतो. बंगला विकला. किसनशी बोलणं संपलं. त्याने तर शीलावहिनींना सांगूनही टाकलं, अजिंठा कॅन्सल."

"शनिवारपर्यंत वेळ आहे म्हणजे," वृंदा म्हणाली.

"कशाला?"

"चोर पकडायला. पण एक अट. तोवर किसनकाकांना चोर म्हणायचं नाही."

बाळ उठले. दारात थांबून म्हणाले, "एक मात्र विचित्र आहे. मधे हरिचंद्रच्या पुतणीच्या लग्नाला अख्खी सोसायटी दोन दिवस पेणला होती. गाडी इथे एकटी. गेटला कुलूपसुद्धा नव्हतं. जाताना चौसष्ट होतं, आल्यावर बघितलं, चौसष्टच."

वृंदाने हातातला कप खाली ठेवला.

३

हरिचंद्र म्हात्रे हे सोसायटीचे सेक्रेटरी आणि मूळचे शिरगावचे, म्हणजे आम्हा सगळ्या उपऱ्यांमधले एकमेव जमीनमालक. बंगला उभा राहायचा त्या जागेवर त्यांना सत्यनारायणाचा मांडव घालायचा होता, आणि हे ते रोज एकदा तरी बोलून दाखवायचे. हेतू असा उघड्यावर वाळत घातलेला होता.

इमारतीच्या दाराशी सिमेंटचा कट्टा होता. संध्याकाळी वीज गेली की निवृत्त इन्स्पेक्शन खातं तिथे भरायचं. हातात पुठ्ठ्याचे पंखे, कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर गाणी, आणि समोर हात लांब केला तर लागेल इतका जवळ बंगला, डावी बाजू कट्ट्याकडे आणि उजवी कुंपणाच्या भिंतीला चिकटलेली. आता तिथे पार्किंगचे खांब आहेत आणि वीजही जात नाही, त्यामुळे कुणी खाली येत नाही.

"मी काय बोलतो ताई," हरिचंद्र म्हणाले, "मला मांडव घालायचाय, त्याला गाडी हललेलीच बरी नाय का? हवा काढली तर ती इथेच बसंल की! मी कशाला काढू?"

"तेही खरंच. म्हणजे तुम्ही गाडीला हात लावत नाही."

"हात? मी तिकडं बघत पन नाय!"

"बरं. आता किती हवा असेल हो तिच्यात?"

"साडेएकसष्ट," हरिचंद्र म्हणाले. मग जरा थांबून, "सकाळी बासष्ट व्हती."

वृंदाने मान डोलावली आणि ती माईंकडे गेली. माईंचा हेतूही उघड होता. गाडीत झोपायचं म्हटलं की त्या म्हणायच्या, "साठ वर्षं घरात झोपले, आता गॅरेजात झोपू?"

माई बंगल्यातच सापडल्या. सिंकखालचं कपाट लावत होत्या. वृंदाने मला कोपराने ढोसलं. कपाटात लोणच्याची बरणी, मेतकूट, कुरडया, शिवाय चौघांची ताटं-वाट्या. शीलावहिनींना चालते ती कमी तिखटाची चटणी वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी लावून.

"विकायची ना गाडी?" वृंदा म्हणाली.

"विकायचीच," माई म्हणाल्या आणि बरणी हलू नये म्हणून तिच्याभोवती जुनी साडी गुंडाळू लागल्या. "हे म्हणतात ना विकायची, मग विकू. पण तोवर नीट तर लावायला हवं. तू ह्यांना सांग बाई, किसन असलं काही करणार नाही. ह्यांच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा कोण आणायचा? माझं ऐकत नाहीत. म्हणतात, तुला मोजमापातलं कळत नाही."

"हवा किती आहे हो, माई?"

"कशात?"

बाहेर आल्यावर वृंदा म्हणाली, "माई सुटल्या."

"कशावरून?"

"त्यांनी उलट विचारलं, कशात."

४

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये मुकेशचं वर्कशॉप होतं. एका बाजूला लेहंगे शिवणारं दुकान, दुसऱ्या बाजूला परदेशी लेबलं छापणारं, आणि मधे हे. मुकेश मूळचा सिंधी, मराठी बोलायचा पण वाक्याचं तोंड एका भाषेत आणि शेपूट दुसरीत.

"मॅडम, माझ्यावर डाउट आहे? खुशाल घ्या. पण व्हॉल्व्हवर नको घेऊ, साईं!" त्याने एक पितळी व्हॉल्व्ह टेबलावर आपटला. "हे बघा. रबरवाला दोन वर्षांत तडकतो, उन्हाने. हा तडकणार नाय. बाळसाबच्या गाडीला बसवून साबणाचं पाणी लावलं, एक बुलबुला नाय आला."

"पण गाडी तुम्हीच विकत घेताय. गाडी बिघडली तर स्वस्तात मिळणार."

मुकेशने कानाला हात लावले. "लेहंगावाल्याला फिरतं दुकान पाहिजे, म्हणून घेतो. धंदा आहे. पण मी बाळसाबला बोललो पन, मत बेचो. असा माणूस पाहिला नाय. स्टेपनीलापण पितळी व्हॉल्व्ह लावला त्याने! मी बोललो, स्टेपनीला कोण बघतो? बोलला, मी बघतो."

"व्हॉल्व्ह गळत नसेल कशावरून?"

"गळतो तर रोज गळतो ना. संडे बघून थोडीच गळतो!"

हे वृंदाने मान्य केलं. गळका व्हॉल्व्ह लग्नालाही जात नाही, असं ती रिक्षात बसल्यावर मला म्हणाली. सोसायटी पेणला असताना हवा गेली नाही, म्हणजे दोष वस्तूत नव्हता, माणसात होता. आणि मुकेशला लग्नाचं आमंत्रण नव्हतं. दोन दिवस मोकळं रान असताना त्याने काही केलं नाही. म्हणजे हवा घेणारा पेणला जेवायला होता.

"म्हणजे हरिचंद्र किंवा किसन," मी म्हटलं.

 निघताना मुकेश आणखी एक वाक्य बोलला होता, तेच वृंदा घोळवत होती. तो म्हणाला होता, "तुमची सोसायटी भारी आहे, मॅडम. एक गाडी, आणि हवा बघायचे सात गेज घेऊन गेले माझ्याकडून. इतके तर ट्रकवालेपन नाय घेत."

५

किसन उबाळे दार उघडून नुसते बाजूला झाले. बसा म्हणाले नाहीत. शीलावहिनींनी पाणी आणलं.

"मी चोर आहे असं ऐकलं," किसन म्हणाले.

"तसं म्हणायचं नाही असं ठरलंय शनिवारपर्यंत," वृंदा म्हणाली.

"मोठे उपकार." ते खिडकीकडे तोंड करून बसले. "मी पहाटे खाली गेलो होतो, खरं आहे. टायरला हात लावला, खरं आहे. मोजत होतो. बाळने मोजलं की मी मोजणारच. बत्तीस वर्षं तेच केलं. त्याने सही करायची, मग मी. आता हा म्हणतो, मोजताना एवढा आवाज येतो का? म्हटलं येतो. म्हणतो, माझ्या गेजचा येत नाही. त्याच्या गेजचा आवाज मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतो!"

"त्यांनी बोलून दाखवलं, भाऊजींनी? तोंडावर?" शीलावहिनींनी विचारलं. बहुधा पुन्हा विचारत होत्या.

"बॅटरी मारली तोंडावर. बोलायचं काय राहिलं?"

वहिनी काचेतल्या चित्राकडे न बघता म्हणाल्या, "माझं राहू दे हो, अजिंठा कुठे पळून जातोय. पण चाळीत असताना ह्यांनी आणि भाऊजींनी मिळून एक स्कूटर घेतली होती. एक दिवस हे चालवायचे, एक दिवस ते. स्कूटर गेली, मैत्री राहिली. आणि आता हवेवरून जाणार?"

"किसनकाका," वृंदाने विचारलं, "मोजताना किती वेळा मोजता?"

किसननी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांच्याकडे जातीच्या सर्टिफिकेटपेक्षाही गंभीर काही मागितलंय. "तीनदा. एकदा घेतलेलं रीडिंग म्हणजे रीडिंग नव्हे."

"आणि हरिचंद्रकाका?"

"तोही तीनदा. आमच्याच खात्यातला ना. पण त्याचा हात जड."

"इतर चाकांची मोजता का?"

किसननी गुडघ्यावर हात ठेवला. "बाकीच्यांचे व्हॉल्व्ह खाली आहेत. वाकणार कोण? आणि पलीकडे भिंत."

वृंदा उठली. "शनिवारी सहाला खाली या. गेज घेऊन."

"मी त्याच्यासमोर येणार नाही."

"मग पडताळणी राहील," वृंदा म्हणाली आणि जिना उतरायला लागली. पाठीमागे बराच वेळ दार लावल्याचा आवाज आला नाही.

६

शनिवारी सहाला वीज गेली आणि खातं कट्ट्यावर भरलं. मुकेश टेम्पो घेऊन आला होता, विसाराची पिशवी मांडीवर. वृंदाच्या सांगण्यावरून त्याने टेम्पोत हवेची टाकीही आणली होती. बाळ एका टोकाला बसले, किसन दुसऱ्या. मधे हरिचंद्र आणि चार निवृत्त, सगळे समोर बघत.

मुकेशने टायरमध्ये बरोबर सत्तर पौंड भरले.

"आता," वृंदा म्हणाली, "रोजच्यासारखं करा."

"म्हणजे काय?" बाळ.

"मोजा."

बाळनी कट्ट्यावरून न उठता हात लांब केला आणि गेज नळीवर टेकवला. फस्स. "सत्तर." फस्स. "सत्तर." फस्स. "सत्तर."

मग किसन उठले. कुणाकडे न बघता तीनदा मोजलं. मग हरिचंद्र, जड हाताने. फस्स, फस्स, फस्स. मग उरलेले चौघं, एकेकाचा स्वतःचा गेज, कारण दुसऱ्याच्या गेजवर भरवसा काय? शेवटचे गृहस्थ चष्मा विसरले होते, त्यांनी पाच वेळा लावून बघितला.

"मुकेशभाई," वृंदा म्हणाली, "आता तुम्ही बघा."

मुकेशने गेज लावला. "अडुसष्ट."

 ट्रान्झिस्टरवर कुणीतरी बातम्या वाचत होतं, तो हरिचंद्रनी बंद केला.

"तुम्ही दिवसातून किती वेळा खाली येता?" वृंदाने विचारलं. "सकाळी दुधाला, दुपारी पोस्टमनला, संध्याकाळी कट्ट्याला. प्रत्येक वेळी हा टायर, कारण याचाच व्हॉल्व्ह हाताशी आहे. आधी तो गाडीखाली होता, तेव्हा हवा कधी गेली होती का? बाळकाकांनी चांगलं काम केलं, नळी बाहेर काढली. तेव्हापासून हवा जायला लागली."

"पण वाढत गेली," बाळ म्हणाले. "सहासष्ट, चौसष्ट, बासष्ट."

"कारण चोरीची बातमी पसरत गेली. जितका संशय, तितकी मोजणी. हरिचंद्रकाका मला म्हणाले, मी गाडीकडे बघत नाही, आणि अर्ध्या पौंडापर्यंत हवा सांगितली. प्रत्येकजण स्वतः निर्दोष आहे ना, हे बघायला येऊन थोडी हवा काढून जात होता. लग्नाला सगळे पेणला गेलात, मोजायला कुणी उरलं नाही, टायर तसाच राहिला."

"म्हणजे हवा..." हरिचंद्र म्हणाले.

"हवा आहे की नाही हे बघण्यात गेली."

 इन्स्पेक्शन खात्याच्या इतिहासात एवढा मोठा लॉट एकदम रिजेक्ट झाला नव्हता. मुकेशने विसाराची पिशवी आपणहून सीटखाली सारली.

वृंदाने डाळीचा मोठा डबा पुढे केला. सहा गेज त्यात खळखळ पडले. बाळनी सर्वांत शेवटी टाकला. मुकेशने टायर पुन्हा सत्तर केला.

"उद्या पहाटे निघा," वृंदा म्हणाली.

"न मोजता?" बाळचा हात पुन्हा डब्याकडे गेला. "रात्रभर उभी राहणार गाडी. न बघता मी माळशेज..."

आणि इथे, इतकं सगळं उलगडल्यावर, प्रकरण पुन्हा जिथल्या तिथे आलं.

७

पहाटे सगळी सोसायटी खाली होती. माईंनी गाडीत शेवटचा चहाचा थर्मास ठेवला. शीलावहिनी नवी साडी नेसून बर्थवर बसल्या होत्या, पण पाय दाराबाहेर, उतरायची वेळ आली तर सोपं जावं म्हणून. किसन आले होते ते वहिनींची बॅग पोचवायला, असं त्यांचं तिघांना सांगून झालं होतं.

बाळ स्टिअरिंगशी बसले. उतरले. टायरपाशी गेले. परत आले.

"निघा की हो," माई म्हणाल्या.

"माई, मला जमत नाही."

वृंदाने डबा उघडला, एकच गेज काढला आणि हातावर धरला. "एकदा. एकच रीडिंग. कुणी घ्यायचं ते ठरवा."

बाळनी हात पुढे केला. मग मागे घेतला. आणि ते कट्ट्याकडे वळून म्हणाले, "किसन, तू बघ."

"आणि मग तू पडताळणार."

"नाही."

"तुला माझं रीडिंग चालेल?"

"सही कर म्हटलं ना, गाढवा!"

किसन वाकले नाहीत, वाकायची गरजच नव्हती. फस्स. ते उजेडाकडे धरून बघत होते, तेव्हा अख्ख्या खात्याने माना पुढे केल्या आणि वृंदाने सगळ्यांकडे एक नजर टाकल्यावर त्या मागे घेतल्या.

"सत्तर," किसन म्हणाले.

बाळ गाडीत चढले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, हे मी स्वतः पाहिलं. किसन दोन क्षण गेज हातात धरून उभे राहिले, मग तो वृंदाला दिला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. शीलावहिनींनी पाय आत घेतले. बंगला गेटमधून बाहेर पडून बारवीच्या रस्त्याला लागला, आणि त्याच्या जागी एवढी मोकळी जमीन दिसली, की हरिचंद्रनासुद्धा मांडवाची आठवण झाली नाही.

सोमवारी दुपारी आमच्याकडे फोन आला. शीलावहिनी एसटीडी बूथवरून बोलत होत्या, मागे बाळ आणि किसन कशावरून तरी भांडत होते. माळशेजच्या माथ्यावर चहा केला, त्या सांगत होत्या, रात्री औरंगाबादच्या अलीकडे थांबलो, टायरला काही झालं नाही, माई तर गाडीत घोरल्या, आणि बाळभाऊजी गाडी चालवताना गातात हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं.

"आणि लेणी?" वृंदाने विचारलं. "कशी आहेत?"

"बंद आहेत," शीलावहिनी म्हणाल्या. "सोमवारी बंद असतात."